दोन्हीकडे एकच नंबर

बिरवाडी, मंगळवार, दिवेलागणीला

उमरठच्या घरी राउटर बसून आठवडा झाला. पासवर्ड सोपा ठेवला, तर अख्खी वाडी त्यावर. बदला म्हणून बायको मागे लागली. आज कंपनीतून खोलीवर आलो आणि मोबाइलवर 192.168.1.1 टाकलं. घरच्या राउटरच्या पाठीवर हाच नंबर आहे. पान उघडलं! पासवर्ड बदलला, वायफायला नाव दिलं ‘उमरठ घर’ आणि ऐटीत तिला फोन लावला.

“अहो, इथं काय बदललं नाय.”

तेव्हा कळलं, खोलीतलं नेट मघाशी का गेलं ते. बदलला होता मी इथल्या खोलीतल्याच राउटरचा पासवर्ड. हा नंबर म्हणे घरातल्या घरातच चालतो. तिथेही 192.168.1.1, इथेही तोच, आणि ज्याला त्याला आपलाच राउटर सापडतो. माजघर म्हटलं की प्रत्येकाला आपलंच दिसतं, तसं काहीसं?

“शनवारी येऊनच बदला,” ती हसत म्हणाली.

जुनं नाव परत द्यायला बसलो, पण मन होईना. नवाच पासवर्ड टाकून वायफाय जोडलं. भाड्याच्या या खोलीत मोबाइल आता सांगतोय, ‘उमरठ घर’ला जोडलंय. शनिवारपर्यंत सांगू दे.