तिसऱ्या टेबलापाशी थांबणारा रोबोट

३ मार्च
आज रोबोटला हात धरून गिरवायला शिकवलं. खरंच तसंच असतं! त्याचा पोलादी हात आपल्या हातात धरायचा, पंपाचं झाकण उचलायचं, त्यात रबरी कडं बसवायचं, पुढे ठेवायचं. आपण हलवू तसंच तो जन्मभर करणार. संशोधन विभागाचे साहेब म्हणाले, "कॉलेज अर्धं सोडलंस, पण हात पुरा आहे तुझा." घरी सांगितलं, तर बाबा म्हणतात — "चला, अर्ध्या इंजिनियरला विद्यार्थी मिळाला."
डावीकडे तिसऱ्या टेबलावर ती हेच काम हाताने करते. आज केसांना हिरवा रुमाल होता.

६ मार्च
पठ्ठ्या मध्येच थांबतो. कडं उचलतो, जरासा डावीकडे कलतो, तसाच राहतो — मग पुढे. साहेब वायरी तपासत बसलेत. मला बघताक्षणी कळलं. शिकवताना मी तिच्याकडे पाहत होतो, तेही तो शिकला.
मेलो.

१० मार्च
त्या थांब्यामुळे तो टेबलांवरच्या बायकांच्या मागे पडतो. शनिवारी शेवटची चाचणी. जिंकला तर टेबलं उचलणार, बायका घरी. हरला तर रोबोट परत जाणार, त्याच्यासोबत मीही. गेली खड्ड्यात नोकरी! थांबा काढणार नाही.
डबा खाताना तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही.
"म्हणजे तो माझ्याकडे बघायला थांबतो?"
"हो."
"आणि साहेबांना माहीत नाही?"
"तुझ्याशिवाय कुणालाच नाही."
"बरं," म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.
दिवसभर ते 'बरं' मनात घोळवतोय.

१३ मार्च
फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, हा रोबोट आहे की नवरदेव? झाकण सोडवत नाही त्याला!" मी कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. तिने मान वर केली नाही. घाबरली असेल माझ्यासाठी.

१५ मार्च
रोबोट जिंकला. एकदाही थांबला नाही. काल मी घरी गेल्यावर कुणीतरी त्याला नव्याने शिकवलं. टेबलं सोमवारी उचलणार. मलाही येऊ नको म्हणाले. तिच्यासाठी एवढंसुद्धा करता आलं नाही मला. बाबांनी आज टोमणाही मारला नाही. ते जास्त लागलं.

१८ मार्च
कारखान्याचे कपडे परत करायला गेलो. टेबलं गेली, बायका गेल्या. ती आहे — माझ्या जागेवर. फोरमन म्हणाला, शुक्रवारी साहेबांना तिनेच सगळं सांगितलं. शिकवलंही तिनेच. काचेतून बराच वेळ बघत राहिलो. उचलतो, बसवतो, ठेवतो. कुठेच थांबत नाही.