रताळ्याचा जांभळा रंग

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला मला भीती वाटत नाही. तुम्ही होतात तेव्हा तुमच्या टेबलासमोर उभं राहिलं की माझं मराठीसुद्धा आपोआप शुद्ध व्हायचं. आता मी अकोल्यात शिकवते, पोरं मला घाबरतात, आणि मी त्यांना सरळ वऱ्हाडीत झापते. तेव्हा आज मध्ये बोलू नका, ऐका.

अमरावतीची आपली प्रयोगशाळा आठवा. थंडीचे दिवस आहेत, कारण उन्हाळ्यात एन्झाइमचं काम करायचं तर बर्फाच्या कारखान्यातच बिऱ्हाड करावं लागलं असतं. मी रताळी किसते आहे, रस फडक्यातून पिळून गाळते आहे. आपल्याला हवं आहे त्यातलं फॉस्फेटेज, म्हणजे संयुगात अडकलेलं फॉस्फेट तोडून झाडाला मोकळं करून देणारं एन्झाइम. तुमचा नियम एकच होता: शुद्ध एन्झाइम पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे, रंग म्हणजे घाण. रंग दिसला की कोळशाची पूड घालायची आणि गाळायचं. रंग जायचा, आणि एन्झाइमचं कामही बंद पडायचं. मग तुम्ही वहीत लिहायचात, ‘स्थानिक उष्णतेमुळे निष्क्रिय’. डिसेंबरात, सर. अंगात स्वेटर घालून लिहायचात. वऱ्हाडचं ऊन आधीच बदनाम, त्यात त्याच्या माथी तुम्ही हाही खून मारलात.

एकदा मी कोळसा घातलाच नाही. जसजसं शुद्ध करत गेले तसतसा जांभळा रंग दाट होत गेला, आणि एन्झाइमचं कामही वाढत गेलं. घाण असती तर ती कमी व्हायला हवी होती, एवढं मला कळत होतं. काचनळी घेऊन मी तुमच्याकडे धावले. तुम्ही ती खिडकीशी उजेडात धरलीत, मग नळी सोडून माझ्या हातांकडे बघितलंत.

“रताळी कुठं धुतली?”

“घरी, सर.”

“कुठल्या पाण्यानं?”

आम्हाला बौद्ध होऊन तेव्हा सतराअठरा वर्षं झाली होती, पण आमच्या वस्तीची विहीर कुठली हे गावाला पाठ होतं. नगरपालिकेचा माणूस तीत लाल औषध टाकायचा. तुमच्या भाषेत परमँगनेट, मँगनीजचं जांभळं संयुग.

“नळाच्या पाण्यानं,” मी म्हटलं.

“तुमच्या विहिरीतलं मँगनीज आहे हे, बाई,” तुम्ही शांतपणे म्हणालात, आणि नळी बेसिनमध्ये ओतलीत. पुढच्या आठवड्यात नागपूरहून माझ्यासाठी रबरी हातमोजे आणलेत. दुसऱ्या कुणासाठी नाही. बर्फात काम करून माझे हात फुटायचे, हेही खरं. मायेनं आणले की विटाळानं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी ते एकदाही घातले नाहीत.

मग महिनाभरानं ते परदेशी नियतकालिक आलं, नेहमीसारखं शिळं होऊन. डुकराच्या शरीरात जांभळं प्रथिन सापडलं होतं, त्यात लोह होतं. मी पुन्हा धावले. हे आपल्या रताळ्याचं नातलग असेल, असं म्हटलं. नेमकी एकादशी होती, आणि तुमच्या डब्यात रताळ्याचा कीस होता.

“रताळं उपासाचं असतं, बाई. त्याला डुकराच्या पंगतीला बसवू नका.”

सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले. तुमच्या वाक्यापेक्षा ते माझं हसणं मला जास्त टोचतं.

तर बसलं, सर. पंगत पुरी बसली. पुढे जगभरच्या लोकांनी शोधून काढलं: राजम्याच्या फॉस्फेटेजमध्ये लोह आणि जस्त, रताळ्याच्यात लोह आणि मँगनीज, डुकराच्यात लोहाशेजारी लोह. बाकी अंग युगायुगांत बदलत गेलं, पण धातू धरून ठेवायची जागा तिघांत तीच राहिली. पूर्वज एकच. उपासाचं आणि बिनउपासाचं असा भेद त्यानं कधी केला नाही. जांभळा रंग त्यातल्या लोहाचा. म्हणजे तुमच्या कोळशात अडकत होतं ते एन्झाइमच, ऊन बिचारं निर्दोष होतं. आणि तुम्ही मँगनीज म्हणालात तेही खरं निघालं. फक्त ते आमच्या विहिरीचं नव्हतं, रताळ्यानं मातीतून घेतलेलं होतं. दर वर्षी नव्या पोरांना मी ही गोष्ट रंगवून सांगते. तुमचं नाव सांगत नाही. तेवढी शिस्त तुम्ही लावलीत.

पण वर्गात जे सांगत नाही ते इथे लिहिते. रताळी विहिरीच्याच पाण्यानं धुतली होती. त्या सकाळी माय भरलेला पितळी गुंड घेऊन आली, पाणी गुलाबी होतं. “कावून वं, रताळे बी कालेजात शिकाले जाऊन राहिले काय?” म्हणाली, आणि एकेक रताळं चोळून धुऊन दिलं. ते गुलाबी पाणी मातीचा हात लागला की तपकिरी पडायचं, हे मी लहानपणापासून बघत होते. रताळ्याच्या रसात परमँगनेट जांभळं टिकणार नाही, हे तुम्ही पुस्तकातून शिकवलं होतंत आणि मला घरून माहीत होतं. एवढं एक वाक्य बोलले असते तर तुम्ही नळी ओतली नसतीत. पण ते बोलायचं तर आधी ‘हो सर, आमच्याच विहिरीचं’ असं म्हणावं लागलं असतं. तुमच्या चुकीला मी भीत नव्हते, मला लाज वाटली.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, वहीतच राहील. तुमची कोळशाची चूक मी शंभर जणांना सांगितली. मायला मात्र ती जाईपर्यंत सांगितलं नाही, की तुमच्यासमोर मी तिचं पाणी नाकारलं.