विर्तानेनबाईंचा ओढा आणि आमचा

१२ जानेवारी

ताथवड्याचं घरही गेलं! तळमजला होता, दाराशी नळ, आईला एक पायरी चढावी लागली नसती. मालक सोपानरावांनी चहा पाजला, पोरी-पोरी केलं. मग सुरुवात — गाव कोणतं? कुलदैवत कोणतं? म्हटलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय! सरळ सांगून टाकलं — मिनल भीमराज ओहोळ. त्यांनी कप खाली ठेवला. "आमचं काय न्हाई वो, पन घरात म्हातारी मानसं हायेत." म्हातारी माणसं! ती ओट्यावर बसून मोबाईलमध्ये रील बघत होती.

१३ जानेवारी

चाकणला प्लँटमध्ये ऑडिट. फिनलंडहून विर्तानेनबाई आल्यात. जेवताना सहज विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय? म्हणाल्या, 'विर्ता' म्हणजे वाहतं पाणी, ओढा. 'नेन' हे नुसतं शेपूट, तिकडच्या पुष्कळ आडनावांना असतं. पणजोबांचं आडनाव आधी स्वीडिश होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देशभर लाटच आली, हजारो लोकांनी फिनिश आडनावं घेतली. त्यांनी हे घेतलं. मी विचारलं, घराजवळ ओढा होता का? "छे! त्यांना आवडलं म्हणून." आता तिकडे विर्तानेन पैशाला पासरी.

ओहोळ म्हणजेही ओढाच की! सांगितल्यावर बाईंनी टाळी दिली. म्हणाल्या, आपण बहिणीच! माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत राहिलं. आवडलं म्हणून!! इतकं सोपं असतं?

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणे. गोडच तर बोलतात सगळे!

१७ जानेवारी

बाबांना म्हटलं, आपणही आडनाव बदलू. निदान घर बघताना दुसरं सांगू. ताडकन उठले. "तुझ्या आजोबांनी धर्म बदलला, कारण तो आपला नव्हता. नाव आपलं आहे. लाज वाटायची तर त्यांना वाटू दे!" कंपनीत जन्मभर छाती काढून नाव सांगणारा माणूस. पटतं मला. पण अभिमान तुमचा आणि जिने आईचे — तसं तोंडावर बोललेच. गुडघ्यांपायी आई पावसाळ्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. ती आतून सगळं ऐकत होती. राग कुणाचा येतोय तेच कळेनासं झालंय.

१८ जानेवारी

आज प्रत्येकानं आपापलं ताट वाढून घेतलं.

२१ जानेवारी

बाबा आणि मी माण गावात तळमजल्याचं घर बघायला गेलो. मालकीणबाईंनी नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले, हात जोडले — "मी ज्ञानदेव शितोळे." भीमराजसुद्धा टाकलं! बाई खुलल्या. "मंग काय, आपलीच मानसं!" बाबा हसले. करार कुणाच्या नावानं करणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

घर मिळालं. रस्त्यावर आल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला सांगू नको."