घर दाखवणाऱ्या बाई

४ फेब्रुवारी, सोमवार

पोचले. बॅग उघडायच्या आधी ही वही उघडली आहे, कारण निघताना नवरा म्हणाला होता की तिकडे गेलीस की चार दिवसांत लिहायचं सोडशील. बघू या.

गाव आवडलं. रस्ते चढउताराचे आहेत आणि वारा सतत वाहतो, त्यामुळे दुकानांच्या पाट्या दिवसभर आपसात कुरबुरत असतात. कारखान्याने तूर्तास पाहुणेघरातली एक खोली दिली आहे. पलंग, टेबल आणि एक नळ, जो बंद केल्यावरही थोडा वेळ आपलं म्हणणं मांडत राहतो.

कारखाना चष्म्याच्या काचांचा. मी तपासणी विभागाची प्रमुख म्हणून आले आहे. काच दिव्यासमोर धरायची आणि तिच्यातला ओरखडा, बुडबुडा, लहर शोधायची, हे माझं काम. नवरा म्हणतो, तिथे दोष काढल्याबद्दल तुला बढती देतात, आम्ही इथे नुसते ऐकून घेतो. तो शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, म्हणजे कुठेही राहू शकतो. फक्त उत्तरेकडे मोठी खिडकी हवी. आमच्या ठमीची अट वेगळी. ती पहिलीत जाईल आता. तिला आत बसून दार लावून घेता येईल एवढं कपाट हवं. महिनाअखेरीस दोघं येतील. तोवर मी घर शोधायचं.

हे लिहिताना हसू येतंय. नवीन घर, नवी नोकरी. लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी मी पुढे जाऊन करते आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

एजंट मिळाले. गृहस्थांच्या कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा आहे की जिना चढू लागले की खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघतात. मी त्यांचं नाव किल्लीदार ठेवलं आहे.

पहिल्या घरात न्हाणीघराचं दार थेट ओट्यासमोर उघडत होतं. किल्लीदार म्हणाले, सोयीचंच आहे, आंघोळ करता करता दुधावर लक्ष राहतं. दुसऱ्या घरच्या मालकांनी विचारलं, मूल धावतं का. मी म्हटलं, धावतं. त्यावर जरा विचार करून त्यांनी विचारलं, फार धावतं का.

संध्याकाळी फोन. ठमीचा पुढचा दात हलायला लागला आहे. तो मी तिथे नसताना पडणार आणि पडताना तिचा बाबा बघणार, म्हणून मला उगीचच त्याचा हेवा वाटला. दोघं सुखात दिसले. जरा कमी सुखात असते तरी चाललं असतं.

९ फेब्रुवारी, शनिवार

मिळालं!

बंद पडलेल्या छापखान्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बैठकीच्या खोलीला भिंतभर खिडकी, उत्तरेची. भिंतीत कपाट. मी स्वतः आत बसून पाहिलं. किल्लीदारांनी सभ्यपणे पाठ फिरवली. पडदे आणि मुलाचा एक लहान पलंग आधीच्या भाडेकरूंचे राहिलेले आहेत. पलंग कोणी वापरलेला दिसत नाही, गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही.

किल्लीदार खाली कोणाशी तरी बोलायला गेले, तेवढ्यात मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हातात धरून त्याला सगळं घर फिरवून आणलं.

संध्याकाळी पुन्हा बोललो. घर त्याला फार आवडलं. मग सहज म्हणाला, तुझ्यामागून घर दाखवत होत्या त्या बाई कोण? मी म्हटलं, बाई कसल्या, मिशीवाले एजंट आहेत. तो हसला. म्हणाला, निळसर स्वेटर, सैल अंबाडा, डोळे हसरे. मी जे दाखवायला विसरत होते ते त्या मागून बोटाने दाखवत होत्या. ओट्याखालची फळी, खिडकीची कडी, दुपारी ऊन कुठवर येतं ते.

दार उघडं होतं. शेजारची कोणीतरी डोकावली असेल आणि माझं लक्ष नसेल.

पण स्वेटरचा रंग त्याच्या बरा लक्षात राहिला. माझ्या नव्या कुर्त्याला परवा म्हणाला होता, हा जुनाच ना.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत नव्या पडद्यांची मापं घ्यायला त्या घरी गेले. किल्लीदारांनी किल्ली दिली होती. आत शिरताच दाराला आतून कडी घातली, मुद्दाम.

ठमीला कॉल लावून कपाट दाखवलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. नजर माझ्या खांद्याच्या वर. मध्येच खुदकन हसली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, काकूंनी कपाटात बसून दाखवलं.

मी वळून पाहिलं. कपाट रिकामं. फोनच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं चित्र दिसतं, त्यातही मी आणि माझ्यामागे उघडं कपाट, बस. मी काचेतली केसाएवढी लहर पकडते. तिथे कोणी असतं तर मला दिसलं असतं.

मी ठमीला म्हटलं, बरं, आता खिडकी बघ. ती म्हणाली, तू नको, काकूंना दाखवू दे.

भीती वाटायला हवी होती. आधी राग आला. खरं तर राग नव्हे. आपण ताट वाढून आणावं आणि मुलीने दुसरीच्या हातून खावं, तसं काहीतरी.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

घरमालकीणबाईंना भेटले. गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकाकडे राहतात. आधी कोण राहत होतं, असं विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. तुमच्यासारखीच एक जण नोकरीसाठी पुढे आली होती. नवरा आणि मुलगा मागून यायचे होते. तिने हौसेने पडदे शिवले, मुलासाठी पलंग आणला. नवरा आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि शेवटी त्याने कळवलं की तो येणार नाही. त्याने तिकडेच दुसरीबरोबर संसार मांडला होता. मुलालाही पाठवलं नाही. मग ती गेली, बाई म्हणाल्या.

मी विचारलं, तिच्याकडे घराची किल्ली राहिली आहे का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तिला कशाला किल्ली.

म्हणजे राहिली असणार. कुठेतरी जवळपास राहते, चोरपावलांनी येते, लपायच्या जागा तिला ठाऊक आहेत. स्वतःचा संसार मोडला म्हणून माझ्यात डोकावते. कीव यायला हवी, पण येत नाही.

आजच करार केला. किल्लीदार म्हणाले, आणखी दोन घरं बघून तर घ्या. मी म्हटलं, हेच. संध्याकाळी कुलूपवाल्याकडून दाराचं कुलूप बदलून घेतलं. आता बघू घर कोणाचं आहे ते.

१६ फेब्रुवारी, शनिवार

राहायला आले. एक गादी, एक शेगडी, दोन पातेली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी पालेभाजी निवडत होते. तो म्हणाला, फोन ठेव ओट्यावर उभा करून, तू कर तुझं. मी तसा ठेवला आणि हात धुवायला न्हाणीघरात गेले.

तिथून त्याचं हसणं ऐकू आलं.

मोठ्याने नाही. लग्नाआधी आम्ही टेकडीवर जायचो तेव्हा तो असा हसायचा, घशात, बोलता बोलता थांबून. इतकी वर्षं मला वाटत होतं की वयाने त्याचं ते हसणं गेलं.

मी ओल्या हातांनी बाहेर आले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तो गप्प झाला. दोघं जण बोलत असताना तिसरं आलं की होतात तसा. मी विचारलं, कोणाशी बोलत होतास? म्हणाला, तुझ्याशीच की. आणि पालेभाजीच्या जुडीकडे पाहिलं.

ती निवडून झाली होती.

१८ फेब्रुवारी, सोमवार

ठमीचा दात पडला. मला आज कळलं. काकूंना काल.

मी म्हटलं, काल तर आपण बोललो, तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं ना, काकू म्हणाल्या मी सांगते आईला.

घरभर शोधलं. कपाट, माळा, पडद्यांमागे, गच्चीचा जिना. नवं कुलूप जसंच्या तसं. कुठे लपते? माझ्या घरात माझ्या माणसांशी बोलते आणि मलाच तेवढी दिसत नाही.

फोन ठेवताना नवरा म्हणाला, ठेवू का, तुम्ही दमला असाल.

तुम्ही.

त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज मी ओरखडे असलेल्या काचांची आख्खी पेटी पास केली. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी ती परत आणून माझ्यासमोर ठेवली. निवृत्तीला आल्या आहेत, प्रेमळ आहेत. म्हणाल्या, झोप नाही का लागत नव्या घरात? कुठलं घर?

मी सांगितलं. त्यांनी हातातली काच खाली ठेवली.

त्याच गल्लीत त्यांचं माहेर आहे. त्या म्हणाल्या, ते घर कशाला घेतलंत, ती बाई गेली ना तिथे. मी म्हटलं, हो, मालकीणबाई म्हणाल्या, गेली म्हणून. कुठे गेली? मावशी म्हणाल्या, अहो, गेली म्हणजे गेली. खिडकीत बसल्या बसल्या. नवरा येईल, मुलगा येईल म्हणून खालच्या रस्त्याकडे बघत. अन्नपाणी सोडलं होतं. निळा स्वेटर होता अंगात, आम्हीच उतरवली तिला खाली.

मी कारखान्यातून परस्पर पाहुणेघरात आले. बॅगही आणली नाही. फक्त ही वही पर्समध्ये होती.

एवढं ऐकूनही — लाज वाटते लिहायला — पहिला विचार हाच आला की तो मेलेल्या बाईशीही तसा हसला. माझ्याशी नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हटलं, ते घर सोडलं, न्हाणीघरासमोर ओटा असलेलं घेते, काही बिघडत नाही. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ती म्हणालीच होती तू असं करशील.

मी म्हटलं, कधी म्हणाली? मी तर तिथे नाही.

तो म्हणाला, रोज बोलतो की आम्ही.

त्याला ती काय काय सांगते ते त्याने सांगितलं. की मला ते दोघं यायला नको आहेत. मी एकटीच बरी आहे. मी दोष काढणार, ती काढत नाही.

मी रडले. तो कळवळला. हो हो म्हणाला. नव्या घराचा पत्ता लिहून घेतला. रविवारी सकाळच्या गाडीने येतो म्हणाला. अनोळखी माणसाची समजूत काढतात तसा बोलला.

ठमीला दे म्हटलं. ती आली नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

न्हाणीघरासमोर ओटा असलेल्या घराची किल्ली घेतली. झाडलं. ठमीसाठी गादी आणली. कपाट नाही इथे. करून घेऊ.

उद्या येतील. स्टेशनवर मीच असेन, समोर, खरीखुरी. एकदा हात धरला की —

फोन उचलत नाहीत. सामान बांधत असतील.

२४ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

गाडी आली. सगळे उतरले. फलाट रिकामा झाला. हे दोघं नाहीत.

फोन लावत राहिले. शेवटी ठमीने उचलला. मी म्हटलं, कुठे आहात गं?

ती म्हणाली, घरी. आईने घेतलं आम्हाला स्टेशनवर.

मी काय बोलले आठवत नाही. तिने फोन बाजूला धरला आणि आत हाक मारली. मला स्पष्ट ऐकू आलं.

आई, कोणत्या तरी काकूंचा फोन आहे.

दुपार

छापखान्यामागच्या घराच्या जिन्यात बसले आहे. त्यांच्या दाराबाहेर.

बेल वाजवली. त्याने दार उघडलं. बोटांना रंग. खिडकीशी टेबल मांडून कामाला बसलासुद्धा. माझ्याकडे बघून हसला, दारावर कोणी आलं की हसतो तसा. कोण हवंय, म्हणाला. मी नावाने हाक मारली. तो संकोचला. आत वळून म्हणाला, अगं, जरा येतेस?

अगं.

आली ती. पहिल्यांदाच दिसली. साधी आहे. माझ्याच वयाची. हेवा करावा असं काहीच नाही तिच्यात. हातात ठमीची अर्धी वेणी. ठमी तिला बिलगून. दाताच्या जागी खिडकी. मी ती अजून नीट पाहिलीही —

म्हटलं, माझी मुलगी दे. ठमी घाबरली. तिच्या मागे लपली. मला घाबरली.

ती चिडली नाही. त्याला हळूच म्हणाली, बिचाऱ्या एकट्या असतात. मग मला —

घर बघायला आलात ना? या, दाखवते.

तो आत गेला. दार उघडंच आहे.

पोलिसांना काय सांगू. माझ्या नवऱ्याच्या घरात त्याची बायको राहते, हे?

उठून जाता येईल. जिना मोकळा आहे. खाली रस्त्यावर माणसं आहेत, ऊन आहे. पण ठमी आत गाते आहे. ती मेलेली बाई तिला —

मी जाते.

उंबऱ्यात उभी आहे ती. हात पुढे केला आहे. म्हणते, वही राहू द्या बाहेरच. आत आल्यावर तुम्हाला आता काही —