आईसारखं पोट

हडपसर, १२ जानेवारी २०२५

ति. राधाआत्यास, भाग्यश्रीचा जयभीम.

मांजरी इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि माझं राहून जातं.

तुमची पिशवी सुदर्शनबरोबर परत पाठवते. तेलाची बाटली उघडलेली नाही. ट्यूब डॉक्टरांना दाखवली. ते औषध गरोदरपणात लावायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. मला सहावा महिना आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

पिशवीत चिठ्ठी होती, आईसारखं पोट होऊ नये म्हणून रोज लाव. आईसारखं होण्यात वाईट काय आहे, ते कळवावं.

आईला जाऊन दीड महिना झाला. शेवटची आंघोळ घालताना तुम्ही चादर बाजूला केलीत आणि म्हणालात की बाळंतपणाचे वण शेवटपर्यंत गेले नाहीत. चार बायका वाकून बघायला लागल्या. मी तांब्या धरून उभी होते. आई माझ्यासमोरही पोटावरून पदर सरकू देत नसे. तेव्हा मी बोलले नाही, आता बोलते. बाळंतपणाला तुम्ही येऊ नका.

तुमचा लोभ आहे, तो सध्या लांबूनच असावा.

भाग्यश्री


मांजरी, १५ जानेवारी

चि. सौ. भाग्यश्रीस, आत्याचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ट्यूब फेकून दिली. मेडिकलवाल्याला डाग जायचं औषध द्या एवढंच म्हणाले. पोटुशी बाईला हवंय, हे पुरुषमाणसाला सांगायला लाजले. या वयात ही लाज. चुकलंच.

तुझ्या वेळी मी लग्नाची होते. रोज दुपारी वहिनीच्या पोटाला खोबरेल चोळायचे. तू अंगानं दांडगी, वण आलेच. राधाबाईंचं तेल वाया गेलं, असं ती मला जन्मभर चिडवायची. त्या दिवशी मी तिच्याशीच बोलत होते. बाकीच्या तिथं आहेत, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. पण चादर मीच ओढली. ती उठून पदर सारखा करू शकत नव्हती, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

येऊ नको म्हणालीस, येणार नाही. जेवण वेळेवर करावं.

राधाआत्या


हडपसर, ९ फेब्रुवारी

ति. राधाआत्यास जयभीम.

राग गेलेला नाही, हे आधी लिहिते.

मंगळवारी बेंबीखाली वण दिसले. तीन, लालसर. आईला सांगायला मोबाइल हातात घेतला, तिचा नंबर काढला, मग लक्षात आलं. डॉक्टर म्हणाल्या की आईला असले तर मुलीला येण्याची शक्यता जास्त. तेलानं खाज कमी होईल, वण थांबतीलच असं नाही. पुढे फिके पडतात, पूर्ण जात नाहीत. म्हणजे तुमचं तेल पुन्हा वाया जाणार आहे. सुदर्शन म्हणतो दिसतसुद्धा नाहीत. त्याला चष्मा लागला आहे.

आईचे वण कुठून कुठपर्यंत होते, हे मला सांगायला आता तुमच्याशिवाय कुणी नाही. मी त्या दिवशी मान खाली घातली होती.

रविवारी दुपारी या. तेल आणा. पोटाला हात लावण्याआधी मात्र मला विचारायचं.

भाग्यश्री