आईच्या कॅसेटची कॉपी

चँडलर, अॅरिझोना
रविवार, १५ जानेवारी २००६

प्रिय ताई,

नमस्कार. पाया पडतो असं लिहिलं की तू पाय मागे घेतेस, म्हणून लांबूनच. काल संक्रांत झाली. हिमानीने तिळाच्या वड्या केल्या, त्या इतक्या कडक झाल्या की कादंबरीने बाहुलीच्या घराला पायऱ्या केल्या त्यांच्या. आम्ही तिघं बरे आहोत. इथली थंडी म्हणजे आपल्या कराडचा नोव्हेंबर. तुझा गुडघा कसा आहे? शाळेचं गॅदरिंग पार पडलं का?

आईच्या कॅसेटची कॉपी कुठे अडकली, हे तू दिवाळीपासून तीनदा विचारलंस. वर्षश्राद्धाच्या आधी हवी म्हणालीस. मी दर वेळी ‘करतोय गं, करतोय’ म्हणून वेळ मारून नेली. मागच्या रविवारी सांगायचंच असं ठरवून फोन केला होता, आणि कॉलिंग कार्ड संपेपर्यंत मी तुझ्या गुडघ्याबद्दलच बोलत बसलो. म्हणून हे पत्र. पत्रात तुला ‘बरं, ठेवते’ म्हणता येत नाही.

आधी स्टिरिओचं सांगतो. हसशील तू. मी घरात अख्खी स्टिरिओ सिस्टिम उभी केलीय, सगळी जुन्या बाजारातली. इथे लोक नको असलेलं सामान दान करतात आणि थ्रिफ्ट स्टोअरवाले ते स्वस्तात विकतात. आमच्या भागात तर सुकाळच आहे. उन्हासाठी म्हणून देशभरातले म्हातारे इकडे येऊन राहतात आणि इथेच जातात. मुलं येतात, दोन दिवसांत घर रिकामं करतात, परत जातात. आईचे पेले, बापाचा स्टिरिओ, सगळं दुकानात. लाकडी खोक्याचे, उचलताना कंबर धरेल असे रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच खोक्यात, मांडून ठेवलेले असतात. भिंतीशी एक प्लग असतो, तिथे वस्तू लावून बघायची. दर मंगळवारी ऑफिस सुटलं की मी तिथे. मनोहर म्हणून माझा एक सहकारी आहे, नागपूरचा. तो म्हणतो, ‘देवदत्त, यार, पगार कमी पडतोय का?’

माझ्या डाव्या स्पीकरच्या पाठीवर पेनने ‘वॉल्टर’ लिहिलंय. रिसीव्हरच्या काचेवर कुणीतरी नेलपॉलिशचा ठिपका देऊन आपलं आवडतं स्टेशन धरून ठेवलंय. तिथे काटा नेला की नुसती खरखर येते. स्टेशन बंद पडलं असणार. तरी मी रोज एकदा तिथे नेतो, का ते मला विचारू नकोस. हिमानी वैतागलीय. ‘कुणाकुणाची भुतं घरात आणतोयस?’ म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. आता नाही हसत.

बरं, किती फिरवणार मी तुला.

मी निघालो तेव्हा आईने ती कॅसेट कशी भरली, आठवतंय ना? ९७चा ऑगस्ट. एकटा जातोय, खाणार काय, म्हणून तिने टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाक करता करता बोलत गेली. फोडणी तडतडतेय आणि ती ओरडतेय, ‘देवा, हिंग आधी नाही घालायचा रे!’ जुन्याच कॅसेटच्या खाचेवर चिकटपट्टी लावून तिच्यावर भरलं होतं. पहिली बाजू मी इथे आल्यावर पाच-सहा वेळा ऐकली. आमटी शिकलो ती तिच्यावरच. दुसरी बाजू लावली तर ‘आता लिंबाचं लोणचं’ असं सुरू झालं. मी म्हटलं, लोणचं काय दुकानात मिळतं, आणि बंद केली. पुन्हा कधी लावली नाही. पुढे दीड वर्षात तिला झटका आला, वाचा गेली, आणि ती तुझ्या हातात सहा वर्षं अंथरुणावर पडून राहिली. कॅसेट माझ्या खणात.

ताई, ती गेली तेव्हाही मी आलो नाही, ते तू एकदाही काढलं नाहीस. व्हिसाचं कारण मी सांगितलं आणि तू ऐकून घेतलंस. दिवाळीला इतकंच म्हणालीस, ‘मला तिचा आवाज हवाय. लोणच्याचा असला तरी चालेल.’ आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस.

घरात कॅसेट वाजवायला काही नव्हतं. म्हणून गेलो थ्रिफ्टमध्ये आणि दोन खणांचा डेक घेऊन आलो. एका खणातली कॅसेट दुसऱ्या खणातल्या कॅसेटवर उतरवता येते, तसला. माहितीपुस्तक नव्हतं, बटणांवरची अक्षरं बोटांनी झिजून गेलेली. पहिली बाजू तर तुला पाठ असणार, तूच शेजारी उभी राहून तिला मसाले देत होतीस, म्हणून म्हटलं आधी दुसरी उतरवू. ती भरली तेव्हा तू शाळेत गेली होतीस. एका खणात आईची कॅसेट घातली, दुसऱ्यात कोरी, बटण दाबलं आणि कपडे वाळवायला गेलो. खट् आवाज आला तेव्हा परत आलो. म्हटलं, झालं काम, ताई खूश होईल.

मी खण उलटे धरले होते. कोऱ्या कॅसेटमधलं काही-नाही मी आईच्या आवाजावर उतरवून ठेवलं.

लिहिलं एकदाचं. दोन महिने हे एक वाक्य गिळून बसलो होतो. हिमानीलाही परवाच सांगितलं. तिने उठून चहा ठेवला.

आता तुला कळेल, स्टिरिओ कसला. तो डेक म्हातारा, त्याच्याच्याने धड पुसलंही जात नाही. आवाज खूप वाढवला की खरखरीच्या खाली काहीतरी हलतं. पहिला रिसीव्हर कमी पडला म्हणून दुसरा आणला. स्पीकर बदलले. मग जाडजूड हेडफोन. दर मंगळवारी वाटायचं, आज मिळेल ते लावलं की आई वर येईल. डोळे मिटून ऐकत बसतो. कधी वाटतं ‘शैलू’ म्हणाली, तुला हाक मारल्यासारखी. तीनदा एकाच जागी ऐकू आलं, चौथ्यांदा नाही. खरं आहे की माझे कान मला हवं तेच ऐकवतात, देव जाणे. गेल्या शनिवारी दुपारी कादंबरीने हेडफोन ओढून कानाला लावले. पाच वर्षांची पोर, तिला काहीच माहीत नाही. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘बाबा, समवन इज ब्रीदिंग.’ मी डेक बंद केला आणि पोरीवर विनाकारण ओरडलो.

एवढंच असतं तर मी तुझ्या पाया पडून माफी मागितली असती आणि पहिल्या बाजूवर भागव म्हणालो असतो. पण एवढंच नाही.

माझी कोरी कॅसेट किंचित छोटी निघाली. ती आधी संपली, त्यामुळे आईच्या कॅसेटचं शेवटचं टोक वाचलं. अर्धं मिनिटसुद्धा नाही. ते मी त्याच दिवशी ऐकलं. एकदम स्वच्छ आहे, ती शेजारी बसल्यासारखी. शब्द न शब्द लिहितो, माझं काही घालत नाही:

‘...तर हे असं आहे सगळं. एवढं शैलूला सांग तू, देवा. मी सांगायला गेले की आमचं भांडण होतं, आणि तिच्या तोंडासमोर मला नाही जमायचं. तू इकडून गेलास की निवांत ऐक आणि फोनवर सांग तिला. आणि लिंबं कोरडी पुसून घे. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येते.’

मग खट्.

लोणच्याला तीन-चार मिनिटं धर. बाकीची पंचवीस मिनिटं तुझी होती. काय होतं त्यांत, मला माहीत नाही. तुझं लग्न तिने मोडलं त्याबद्दल होतं, की घरासाठी तू नोकरी धरलीस त्याबद्दल, की आणखी काही आपल्याला ठाऊकच नसलेलं. डोकं फोडून घेतलं तरी मला कळणार नाही. तू एकदा म्हणाली होतीस, ‘जन्मभरात तिने मला एक शब्द नीट दिला नाही.’ दिला होता गं. माझ्याकडे दिला होता, आणि मी लोणचं समजून बंद केला.

आणि ज्याने मला झोप येत नाही ते हे. तूच मागे सांगितलं होतंस की दर रविवारी माझा फोन झाला, तू रिसीव्हर खाली ठेवलास, की आई तुझ्याकडे टक लावून बघत बसायची. तू विचारायचीस, पाणी हवंय का, कूस बदलू का. ती मान हलवायची आणि मग रडायची. डॉक्टर म्हणाले, या आजारात रडू येतं.

ती बघत होती, ताई, मी तुला सांगितलं का ते. सहा वर्षं, दर रविवारी.

कॅसेट पोस्टाने पाठवत नाही, स्वतः घेऊन येतोय. तिकीट काढलंय, अकरा फेब्रुवारीला सकाळी पोचतो. वकील नको म्हणतोय, परत येताना व्हिसा अडकेल म्हणतो. अडकू दे. हे वाचून तुला माझं तोंड बघायचं नसेल तरी मी उंबऱ्याबाहेर बसेन. तू ओरड, काय वाटेल ते बोल, तिच्याशी राहिलेली भांडणंही माझ्याशी भांड. फक्त दार लावून गप्प बसू नकोस. आपल्या घरात ते फार झालं.

तुझा,
निरोप न पोचवलेला
देवा