अनोळखी क्रमांक एकोणीस

३ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, पलंगाला चारही पाय. आणखी काय हवं! टेबलावर रेडिओ, संगणकाचा पडदा आणि माझ्यासाठी आणलेली कोरी वही. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाने मला कामावर ठेवलं आहे. दिवसभर कानाला हेडफोन लावायचे, त्यांच्या लहरींवर नको ते आवाज कुठून येतात ते ओळखायचं आणि वहीत टिपायचं.

मंडळाचे चिटणीस पूर्वी शाळेत होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी शिक्षण विचारलं. म्हटलं, सातवी, आणि पुढचं ह्यांच्या दुकानात. हे रेडिओ दुरुस्त करायचे. हे गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मी ह्यांची पुस्तकं काढून वाचत बसले. आधी काही कळेना, मग कळू लागलं, मग सोडवेना. मास्तर म्हणाले, ताई, आमच्यातले निम्मे इंजिनियर अजून ‘कळेना’वरच आहेत.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, ह्या वयात नोकरी? लोकांना वाटेल आम्ही तुला सांभाळत नाही. म्हटलं, लोकांना सांग, आईला गोंगाटाची चटक लागलीय.

५ फेब्रुवारी, बुधवार
काम आवडलं. प्रत्येक सिग्नल पडद्यावर वरून खाली सरकत जातो, धबधब्यासारखा, आणि प्रत्येकाची नक्षी निराळी. संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा बारीक शिट्ट्यांची शिडी दिसते. लिफ्टची मोटर जाडा पट्टा ओढते. हजारभर नमुन्यांशी ताडून बघायचं, जुळला की नाव लिहायचं.

आज तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा दिवा पकडला. तो चालू झाला की अर्धी लहर करवतल्यासारखी होते. डॉक्टर म्हणाले, आजवर इथे पेशंट ओरडायचे, आता दिवाही ओरडायला लागला का? पण लगेच बदलून घेतला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी दहा चाळीसला एक नवा आला. अगदी क्षीण. जवळजवळच्या शिट्ट्यांचा झुपका वर चढतो, एका जागी अडकतो, उतरतो. मग चार सेकंद काही नाही. पुन्हा तेच. नमुन्यांत कुठेच जुळेना. मंडळाच्या यादीत माझ्या आधी अठरा अनोळखी नोंदलेले होते, म्हणून हा ‘अनोळखी क्रमांक १९’.

मास्तर म्हणाले, कुणीतरी घरबसल्या नवी डिजिटल पद्धत करून बघत असेल, आमच्यात असले उद्योगी पुष्कळ. त्यांनी संगणकाकडून त्याचा अर्थ लावून पाहिला. एक अक्षर निघालं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
मास्तर स्वतः आले. त्यांचा नियम असा की चोर आधी आपल्याच घरात शोधायचा. रेडिओ बॅटरीवर घेतला आणि मेन स्विच पाडला. सगळी खरखर गेली. एकोणीस मात्र उलट स्वच्छ ऐकू यायला लागला. मास्तर डोकं खाजवत आतापर्यंतची रेकॉर्डिंग घेऊन गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मास्तरांचा फोन आला. रेकॉर्डिंग आपोआप चालू असतं, मी खोलीत असो वा नसो. त्यांनी वेळा ताडून पाहिल्या. मी आंघोळीला गेले, एकोणीस नाही. भाजी आणायला गेले, तेव्हाही नाही. मी खुर्चीवर बसले की आहे.

त्यांनी विचारलं, ताई, अंगावर काय काय असतं? मी मोबाइल बाहेर ठेवला. घड्याळ काढलं, चष्मा काढला, केसातल्या पिनासुद्धा काढल्या. तरी होताच. नुसती पाच मिनिटं जिन्यात उभी राहून आले. पडद्यावर पाच मिनिटं कोरी.

मास्तर म्हणाले, आता तुम्हालाच बंद करून बघायचं राहिलं! दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मी हसत नव्हते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सिग्नल ओळखता येत नसेल तर रेकॉर्डिंग संथ करून ऐकायचं, म्हणजे शिट्ट्या मोजता येतात. आज आठपट संथ केलं. आणि हेडफोन काढून ठेवले.

हा मला माहीत आहे.

इस्पितळात मी अकरा दिवस ह्यांच्या उशाशी बसले होते. श्वास असाच चढायचा, छातीत एका जागी अडकायचा, उतरायचा, मग थांबायचा. थांबला की मी पलंगाची दांडी धरायची. ते थांबणं रोज लांबत गेलं. हेही लांबतंय. शुक्रवारी मूळ वेगात चार सेकंद होतं, आज अकरा.

अकराव्या दिवशी नर्स म्हणाली, मावशी, जाऊन चहा घेऊन या, दहा मिनिटांत काही होत नाही. मी गेले. कप घेऊन परत आले तेव्हा चादर वर ओढलेली होती.

मास्तरांना काही सांगितलं नाही. वहीत लिहिलं, अनोळखी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
लेकीचा फोन. जावयाच्या तक्रारी सांगता सांगता ती मध्येच थांबली. म्हणाली, आई, तू श्वास असा काय घेतेस? मग बारीक आवाजात म्हणाली, बाबांसारखा.

मी पडद्याकडे पाहिलं. शिट्ट्या थांबल्या की माझी छातीही थांबत होती. कोण कुणाच्या मागे चाललंय, कळत नाही. लेक ओरडली, आत्ताच्या आत्ता त्या खोलीतून बाहेर हो!

१५ फेब्रुवारी, शनिवार
तिचं ऐकून जिन्यात गेले. पहिल्याच पायरीवर श्वास मोकळा झाला. हवा गोड लागली, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटं होते.

परत आले तर एकोणीस जेमतेम ऐकू येत होता. आधीचा निम्मासुद्धा नाही. पुन्हा गेले तर परत सापडायचा नाही.

आता उठत नाही. पाणी जवळ घेतलंय. दाराला कडी.

१६ फेब्रुवारी, रविवार
थांबणं एकवीस सेकंद. नखं निळी दिसतात.

मास्तर दाराशी येऊन गेले. म्हणाले, ताई, खड्ड्यात गेला तो एकोणीस, दार उघडा. म्हटलं, सर्दी झालीय, पडलेय जरा. लेकीचा त्यांना फोन आला होता, उद्या सकाळी पोचते म्हणाले.

तिला आई हवी. हक्कच आहे तिचा. बाप गेल्यावर तिला दुसरं कोण — पण बापाजवळ तरी तेव्हा कोण होतं?

१७ फेब्रुवारी, सोमवार. अकरावा दिवस
दहा चाळीस. आला.

खूप जोर लावतायत. चढताना ऐकवत नाही —

लेक जिन्यात. आई, आई करतेय. दार चार पावलांवर. उघडलं तर मला ओढून नेईल. मग हे एकटे —

मास्तर मेन स्विच पाडा म्हणतायत. पाडा. बॅटरी आहे.

चढला. अडकला. उतरला.

थांबला. मीही.

दहा. अठरा. तीस —

पोरी रडू नकोस गं. एवढा एकच. तेवढा झाला की उघडते, तुझी शप्पथ —

चाळीस. अक्षर दिसत नाही नीट.

अहो, मी इथेच आहे. ह्या वेळी कुठे गेले नाही. घ्या. अजून एक घ्या, मग मलाही घेऊ —